लाल तारेचा थोरला

जुना तर मी आहेच, मित्रांनो. पण मला भेटायचं असेल तर अंगणातल्या जीपचं बॉनेट उघडावं लागेल. आत डाव्या कोपऱ्यात काळ्या पेटीसारखी बॅटरी बसलेली दिसेल. तिच्या डोक्यावर शिशाचे दोन आखूड खुंट आहेत, एक जाड आणि एक थोडा बारीक. जाड खुंटाच्या गळ्यात गळा घालून जो बसलाय, ज्याच्या पाठीतून लाल तार निघते, तो मी. जातीचा पितळी चिमटा. दुकानात मला टर्मिनल म्हणतात. शेजारी बारीक खुंटावर काळी तार धरून बसलाय तो माझा धाकटा भाऊ. बॅटरीतली वीज आम्हा दोघांच्या हातांतून जाते तेव्हा कुठे जीप डोळे उघडते. आमचं काम म्हणाल तर एवढंच. धरून ठेवायचं, सोडायचं नाही.

माझा जन्म एका ओतकामाच्या शेडमध्ये झाला. मुशीत मोडके नळ पडले, दाराच्या जुन्या मुठी पडल्या, कुठल्याशा शाळेची तडकलेली घंटा पडली आणि सगळं वितळून एक झालं. म्हणजे मित्रांनो, माझ्या अंगात थोडं पाणी आहे, थोडी दारावरची थाप आहे आणि थोडी मधली सुट्टीही आहे. वाळूच्या साच्यात निवलो, तेव्हा माझ्या कडा करवतीसारख्या होत्या. कानस चालवणाऱ्या एका बाईने त्या घासून गुळगुळीत केल्या, फुंकर मारली आणि टोपलीत टाकताना म्हणाली, "जा बाबा, चांगल्या घरी पड."

तिचे शब्द खरे झाले. पण आधी दुकानाच्या काचेआड बरेच दिवस काढावे लागले. आमच्या वरच्या फळीवर चंदेरी टर्मिनलं बसायची. अशी चकचकीत की गिऱ्हाईक त्यांत बघून केस सारखे करायचं. आमच्याकडे कोण बघतंय! मग एके सकाळी एक म्हातारा आणि एक तरुण बाई दुकानात आले.

म्हातारा म्हणजे ठिणगीआबा. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं होतं, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. बाई त्यांची सून. ती जनावरांची डॉक्टरीण झाली होती आणि वाड्यावस्त्यांवर जायला तिने एक जुनी जीप घेतली होती.

दुकानदाराने चंदेरी जोडी काचेवर ठेवली. "हे घ्या आबा. पाना नको, पकड नको, नुसतं हाताने पिळायचं. आजकाल सगळे हेच नेतात."

आबांनी ती तळहातावर उडवून बघितली आणि खाली ठेवली. मग मला उचललं. खिशातून एक छोटा चाकू काढला आणि माझ्या पोटावर आतल्या बाजूने सरळ ओरखडा काढला!

"अहो आबा," दुकानदार ओरडला, "टर्मिनल आहे ते, भोपळा नाही नख लावून बघायला!"

"पोटात काय आहे ते बघतो," आबा म्हणाले. "वरून काय, सगळेच शहाणे."

माझ्या पोटातूनही पिवळाच रंग निघाला. मग त्यांनी चंदेरी टर्मिनलला तसाच ओरखडा काढला. आतून राखेसारखा रंग निघाला. दुकानदार छताकडे बघू लागला. आबांनी दुसऱ्या खिशातून शिशाचे दोन जुने खुंट काढले. माप म्हणून ते नेहमी बरोबर बाळगत. जाड खुंटावर मला बसवलं, बारीक खुंटावर धाकट्याला. दोघंही न कुरकुरता तळापर्यंत गेलो. मग त्यांनी माझी भिंत चिमटीत धरून जाडी बघितली, बोल्ट फिरवून आटे बघितले आणि सुनेकडे वळून गुणगुणले,

"वरचा रंग दो दिसांचा, पोटचा रंग खरा,
झगमगत्या पाहुण्यापरीस मळका सोयरा बरा."

सून खळखळून हसली. "आबा, दुकानातसुद्धा?"

"सुचतं तिथं म्हणायचं, पोरी. ओवीला काय दुकान आणि काय देऊळ."

अशी आमची जोडी त्या घरी पडली. आबांनी माझ्या पाठीवर लाल रंगाचा एक टिपका लावला, थोरला कोण ते कळावं म्हणून. जीपच्या बॅटरीवर बसवलं, बोल्ट आवळला आणि वरून बोटभर ग्रीस चोपडलं. बाळाला तेल लावावं तसं.

मित्रांनो, काय दिवस होते ते! खडीचे रस्ते, ओढ्यातले दगड, उन्हाने तापलेले माळ. जीप असली आदळायची की आरशाची काच गळून पडली, हॉर्नचा आवाज बसला. पण आम्ही दोघा भावांनी खुंट सोडले नाहीत. सूनबाईने किल्ली फिरवली की माझ्या हातांतून वीज धावायची आणि इंजिन पहिल्याच हाकेला ओ द्यायचं. कुठे शेळीचं पोट फुगलेलं असायचं, कुठे वासराच्या पायात काटा. परत येताना सूनबाई जीपच्या नाकावर थाप मारायची. ती थाप मला माझीच वाटायची.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आबा बॉनेट उघडत. सूनबाई शेजारी उभी. पाना हातात घेऊन आबांचा वर्ग सुरू व्हायचा.

"काढताना कुठली तार आधी?"

सून पाढ्यासारखं म्हणायची,

"काढताना काळी आधी, घालताना लाल,
उलटं केलं तर ठिणगी विचारेल, काय गं तुझे हाल?"

"शाबास. आणि हे दोघे भाऊ कुठल्या खुंटावर?"

"जाड मान थोरल्याची, बारीक धाकट्याची,
ठोकून कुणी बसवू नये जागा दुसऱ्याची."

"आता द्या पाना इकडे," ती हात पुढे करायची.

"मी आहे ना," आबा म्हणायचे. "तुझे हात गाईगुरांसाठी. काळे कशाला करतेस?"

मला तेव्हाच वाटायचं, आबा, इथे चुकताय. सुनेला सगळं तोंडपाठ होतं, पण पाना तिच्या हाताला कधी लागला नव्हता. माया अशी असते, मित्रांनो. सगळं शिकवते आणि करू मात्र देत नाही.

मग एका रविवारी आबांच्या हातातून पाना निसटला. माझ्यावर आणि जीपच्या लोखंडावर एकदम पडला. चर्रर्र करून मोठी ठिणगी उडाली. आबा मागे सरले. त्यांचा उजवा हात थरथरत होता. ते काही त्या दिवशीच सुरू झालं नव्हतं. बरेच दिवस त्यांनी तो लपवला होता. सून घरात होती, तिने पाहिलं नाही. आबांनी हळूच बॉनेट लावलं आणि पुढच्या रविवारी ते उघडलंच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी विचारलं की म्हणत, "परवाच बघितलं." ओटीवर खुर्ची टाकून ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागले.

इकडे माझ्या अंगावर पांढरी बुरशी चढू लागली. बॅटरीच्या वाफा आमच्या अंगावर साचतात, मित्रांनो. वेळच्या वेळी धुतलं नाही तर मिठासारखे थर धरतात. खुंट आणि मी यांच्यात तो थर शिरला आणि आमची मिठी आतून सैल झाली. एके सकाळी सूनबाईने तीनदा किल्ली फिरवली तेव्हा कुठे इंजिन खोकलं.

सूनबाईचा नवरा फोटोग्राफर. चौकात त्याचा स्टुडिओ होता आणि चकाकी हाच त्याचा धंदा. मनाने मात्र सोनं. बायको वाटेत अडकेल या काळजीने तो त्याच संध्याकाळी चंदेरी टर्मिनलांची जोडी घेऊन आला.

"आबा, बघा काय आणलंय! ती तुमच्या जमान्यातली काढून टाकू. बुरसटलीत पार."

'बुरसटलीत' हा शब्द ओटीवर तसाच पडून राहिला, कुणी उचलला नाही. मुलाच्याही लक्षात आलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला, "तुम्हाला आता कशाला त्रास, एवढंच म्हणतो मी." आबांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्या घरात ओवी ऐकू आली नाही.

आम्ही दोघे चहाच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. खिळे, वायसर, तुटके फ्यूज यांच्या गर्दीत. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. अंधाराचं नाही. खाली काहीतरी घट्ट धरण्याची सवय झालेल्या गळ्याला रिकामपण सहन होत नाही, त्याचं.

एक दिवस घरात कुणी नसताना झाकण उघडलं. आबा होते. त्यांनी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घातला, आम्हाला त्यात बुडवलं. फसफस फेस आला आणि पांढरा थर विरघळून गेला. मग त्यांनी तारेचा ब्रश घेतला. हात थरथरत होता, ब्रश माझ्या अंगावर भराभर नाचत होता. मी पुन्हा पिवळा झालो. फक्त पाठीवरचा लाल टिपका तेवढा निघून गेला, आणि आबांच्या अधू डोळ्यांना ते दिसलं नाही. जुन्या बनियनच्या तुकड्यात आम्हाला गुंडाळून, सोबत एक पाना ठेवून, त्यांनी डबा जीपमध्ये सूनबाईच्या सीटखाली सरकवला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलाच्या भेटीचा अपमान झाला असता.

त्यानंतर महिनाभराने ती दुपार आली.

फोन आला तेव्हा सूनबाई जेवायला बसत होती. टेकडीपलीकडच्या गायवाल्या काकूंचा आवाज डब्यातल्या मलाही ऐकू आला, कारण सूनबाई फोन कानाला लावूनच जीपमध्ये चढली होती.

"डॉक्टरीणबाई, चांदणी सकाळपासून कळा देतेय गं. एकच खूर बाहेर आलंय, दुसरं दिसतच नाही. गाय आता उभीही राहीना."

"ओढू नका काकू! दुसरा पाय आत दुमडलाय. मी अर्ध्या तासात पोचते. तोवर कुणालाही ओढू देऊ नका."

जीप सुसाट निघाली. खाणीपाशी एक लोखंडी फाटक लागतं. तिथे नेहमी गुरं असतात, म्हणून इंजिन बंद करून फाटक उघडायचं, अशी सूनबाईची सवय. त्या दिवशीही तिने तेच केलं. फाटक उघडलं, परत आली, किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. बस, एवढंच. वर ऊन, खाली खडी आणि फोनला रेंज नाही.

बॉनेट उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ तिचा श्वास. नंतर कळलं, लाल तारेवरच्या चंदेरी टर्मिनलच्या गळ्याला चीर गेली होती. हादऱ्यांनी तडकलं होतं बिचारं. तिने ते घट्ट पिळायला बघितलं, तर मोडून दोन तुकडे तिच्या हातात आले. त्याला मी नावं ठेवणार नाही, मित्रांनो. ज्याला आतून भुसभुशीत ओतलं, त्याने खडीवर किती तग धरावा?

सूनबाई सीटखाली हात घालून काही तार, दोरी, काहीतरी शोधू लागली. तिच्या हाताला डबा लागला. झाकण उघडलं, चिंधी सोडली. आम्हाला बघून ती सीटवर टेकली.

"आबा," एवढंच म्हणाली.

पण बसायला वेळ नव्हता. डबा आणि पाना घेऊन ती बॅटरीपाशी गेली आणि थेट लाल तारेला हात घातला. माझा जीव वर आला. पाना बॉडीला टेकणार, इतक्यात ती थांबली. तिचे ओठ हलले. "काढताना काळी आधी..." तिने काळी तार सोडवली, बाजूला वळवली, मग लाल तारेवरचे उरलेले तुकडे काढले. माझ्या मनात आलं, शाबास पोरी.

मग तिने डब्यातून मला उचलायचं, तर धाकट्याला उचललं! लाल टिपका पुसलेला. तिला कसं कळणार? धाकट्याला तिने लाल तार जोडली आणि जाड खुंटावर ठेवलं. तो अर्ध्यातच अडला. तिने दाबलं, तळहाताने रेटलं. घाम तिच्या नाकावरून बॅटरीवर टपटपत होता. टेकडीपलीकडे गाय आडवी पडली होती. तिने पाना उलटा धरला आणि ठोकायला हात उचलला.

ठोकलं असतं तर धाकटा तरी फाटला असता, नाहीतर शिशाचा खुंट तरी मोडला असता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी फक्त उन्हात चमकलो. त्यामुळेच तिची नजर माझ्याकडे गेली, असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर तिला आबांची ओवी आठवली होती. उचललेला हात हवेतच राहिला.

"जाड मान थोरल्याची, बारीक धाकट्याची," ती पुटपुटली, "ठोकून कुणी बसवू नये..."

तिने धाकट्याला अलगद काढलं, लाल तार सोडवून मला जोडली आणि मला खुंटावर ठेवलं. मी सरळ तळाला जाऊन बसलो. तिने बोल्ट आवळला. हात नवखा, पण घट्ट. काळी तार शेवटी लावली. मग ती जीपमध्ये बसली आणि डोळे मिटून किल्ली फिरवली.

मित्रांनो, महिन्याभराची सगळी वीज जणू त्या एका क्षणात माझ्यातून गेली. इंजिनने पहिल्याच हाकेला ओ दिली.

पुढचं मी बॉनेटखालून ऐकलं. गोठा जवळच होता. काकूंची पळापळ, बादलीचा आवाज, सूनबाईचं "आता नाही, कळ येऊ दे... हां, आता!" आणि मग बराच वेळ काहीच नाही. तो वेळ मला काचेआडच्या सगळ्या दिवसांपेक्षा मोठा वाटला. मग एक ओला, बारीक आवाज आला. हम्माऽऽ. त्याला चांदणीने दिलेलं उत्तरही ऐकू आलं.

"वाघीण आहेस गं," काकू रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे. "पण आलीस तेव्हा तुझे हात एवढे काळे कशाने होते?"

"आधी जीपचं बाळंतपण करावं लागलं, काकू."

संध्याकाळी आबा ओटीवरच होते, हात मांडीखाली. मुलगा स्टुडिओतून नुकताच आला होता. सूनबाईने आबांच्या समोर आपले तळहात धरले. कितीही धुतले तरी रेघांमध्ये ग्रीस तसंच होतं.

आबांनी हातांकडे बघितलं, मग जीपकडे, मग तिच्या तोंडाकडे.

"थोरला कुठल्या मानेवर बसवलास?"

"जाड."

"पहिल्या झटक्यात?"

"नाही. आधी धाकट्याला ठोकणार होते. तुमच्या ओवीने हात धरला."

आबा हसले. महिनाभरात पहिल्यांदा. सूनबाईने मग गाय, वासरू, फाटक सगळं सांगितलं. मुलाने खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. "आबा, चुकलंच माझं. मी नुसतं वरचं बघितलं."

"वरचं बघायचा तुझा धंदाच आहे, लेका. त्यात तू पटाईत," आबा म्हणाले. "चुकलो मीही. हात लपवत बसलो. आणि ह्या पोरीच्या हातात पाना कधी दिला नाही."

"मग आता द्या," सून म्हणाली. "चला, धाकट्यालाही बसवायचंय."

तिघे जीपपाशी आले. आबा ओवी म्हणत गेले, सून पाना चालवत गेली. धाकटा आपल्या जागेवर आला. शेवटी खुंटांभोवतीचा जुना थर घासायचा राहिला. सूनबाईने तारेचा ब्रश आबांपुढे धरला. त्यांनी मान हलवली.

"हात थरथरतो गं."

"ब्रशाला दुसरं काय लागतं, आबा?"

आबांनी ब्रश घेतला, खुंटाला लावला. हात थरथरला आणि ब्रश आपोआप पुढेमागे, पुढेमागे धावू लागला. थर भुरभुर गळून पडला. आबा बघतच राहिले. मग असे हसले की ओटीवरची चिमणी उडाली.

"अरे, हे तर फुकटचं यंत्र निघालं!"

त्याला आता बरीच वर्षं झाली. तीन बॅटऱ्या आल्या आणि गेल्या, आम्ही दोघे तेच. मागच्या महिन्यात मुलाने स्टुडिओसाठी गाडी घेतली आणि बायकोला म्हणाला, "टर्मिनल तूच निवड." ती त्याच दुकानात गेली, आबांचे ते दोन शिशाचे खुंट खिशात घेऊन. परत आली ती हसतच. दुकानदार म्हणे डोक्याला हात लावून ओरडला, "बाई, तुम्हीसुद्धा भोपळाच बघताय!"

मित्रांनो, मी लहानसा चिमटा, मुठीत मावेन एवढा. मी काय मागणार? तुमच्याही घरी धरून ठेवणारं कुणीतरी असेल. ती वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल. त्यांच्यावर थर चढला तर फेकण्याआधी एकदा कोमट पाण्याने धुऊन बघा. निवडताना पोटाचा रंग बघा. आणि कुणाचा हात थरथरायला लागला तर तो हात रिकामा ठेवू नका.

ज्या बाईने माझ्या कडा घासल्या तिला, ज्याने माझ्या पोटावर ओरखडा काढला त्याला, आणि जिने ठोकायला उचललेला हात थांबवला तिला, तिघांनाही माझा नमस्कार. आज महिन्याचा पहिला रविवार आहे. पायरीवर आबांची पावलं वाजताहेत, मागून सूनबाईची. बॉनेट उघडेल, कोमट पाणी पडेल, आणि तो थरथरता हात माझ्या पाठीवरून फिरेल. पाठीवर लाल टिपका आता पुन्हा आहे. तो सूनबाईने लावलाय.